थंडीत पहाटे चावीच फिरत नाही! सेल्फ, बॅटरी, हीटर प्लग सगळ्यांचे अनुभव इथे टाका

मखमलाबादकर (सकाळी ७:१०)
मंडळी, मदत पाहिजे. पेट्रोल हॅचबॅक आहे, सात वर्षं जुनी, साधी चावीवाली. थंडी वाढल्यापासून रोज पहाटे चावी लॉकमध्ये जाते पण फिरतच नाही, एकदम जाम. दहा-पंधरा मिनिटं खटपट केली की कशीबशी फिरते आणि एकदा फिरली की गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. दुपारी कंपनीतून निघताना काहीच प्रॉब्लेम नाही. पहिल्या शिफ्टला अंबडला पोचायचं असतं, पंचिंग चुकतं, सुपरवायझर रोज ऐकवतो. एकाने सांगितलं बॅटरी बदल, दुसरा म्हणतो अख्खा लॉक सेट बदलावा लागेल आणि त्याचा आकडा ऐकून गप्प बसलोय. गाडी घराबाहेर उघड्यावरच असते.

सातपूर_सेकंडशिफ्ट
भाऊ बॅटरी बदलू नको. चावी फिरत नाही हा लॉकचा विषय आहे, बॅटरीचा त्याच्याशी काही संबंध नाही. चावी फिरते पण इंजिन फिरत नाही तेव्हा बॅटरीकडे बघायचं.
आता एक सांग, रात्री गाडी लावताना पुढची चाकं वाकडी राहतात का? चावी काढल्यावर स्टेअरिंग थोडं हललं की आतली लोखंडी खिट्टी बसते, आणि चाक फुटपाथला किंवा दगडाला टेकून वाकडं असलं की टायरचा सगळा ताण त्या खिट्टीवर येतो. मग चावी कितीही पिळली तरी फिरणार नाही, उलट चावी आतमध्ये तुटेल. डाव्या हाताने स्टेअरिंग हळू हलवून बघायचं, एका बाजूला गच्च लागतं आणि दुसऱ्या बाजूला किंचित सैल लागतं, त्या सैल बाजूला धरून ठेवायचं आणि त्याच वेळी उजव्या हाताने चावी फिरवायची. जोर स्टेअरिंगला द्यायचा, चावीला नाही.

मखमलाबादकर
केलं दादा. स्टेअरिंग सरळ असलं तरी तेच. आणि दुपारी त्याच जागी वाकडी लावली तरी फिरते. म्हणजे थंडीचाच काहीतरी संबंध आहे असं वाटतं. लॉकमध्ये पाणी गोठतं का? काल पहाटे मोबाईलवर नाशिकचं ८ डिग्री दाखवत होतं.

एडमंटनवासी_नाशिककर
नमस्कार मंडळी, मूळचा पंचवटीतला, सध्या कॅनडात एडमंटनला. लॉक गोठणं म्हणजे काय ते इथे दर हिवाळ्यात बघतो म्हणून लिहितो. पाणी गोठायला शून्याच्या खाली जावं लागतं, ८ डिग्रीला लॉकमध्ये बर्फ होणार नाही. आमच्याकडे उणे ३० पर्यंत जातं तेव्हा दाराच्या लॉकमध्ये गाडी धुतलेलं पाणी किंवा वितळलेला बर्फ शिरतो आणि रात्रीतून घट्ट होतो. इग्निशनचं लॉक गाडीच्या आत असतं त्यामुळे ते तुलनेत कमी गोठतं, पण ओली चावी रोज आत गेली की तिथेही ओल साचते.
इथे त्याला लॉक डी-आयसर मारतात, छोट्या बाटलीत अल्कोहोल असतं, आयसोप्रोपिल अल्कोहोल उणे ८९ च्या आसपास गोठतं त्यामुळे ते बर्फ वितळवून पाण्यात मिसळतं आणि परत जमू देत नाही. ही बाटली गाडीत ठेवायची नसते बरं का, कोटाच्या खिशात ठेवायची, कारण दारच उघडलं नाही तर आतली बाटली काय कामाची. जुन्या चाव्या लोक लायटरने गरम करून आत घालायचे. आता चावीच्या डोक्यात इमोबिलायझरची, म्हणजे गाडीचोरी रोखणारी चिप असते, प्लास्टिक तापलं तर चिप जाईल आणि चावी फिरूनही इंजिन घेणार नाही, तेव्हा ते करू नका. गरम पाणी तर अजिबात ओतायचं नाही, तेच पाणी आत राहून थोड्या वेळाने जास्त घट्ट होतं.
तुमच्या केसमध्ये मात्र लॉकच्या आत दुसरं काहीतरी घट्ट होतंय. लॉकमध्ये तेल-ग्रीस काही घातलं होतं का?

मखमलाबादकर
थांबा, बाबांना विचारतो.

मखमलाबादकर
विचारलं. दिवाळीच्या साफसफाईत बाबांनी घरातल्या सगळ्या कुलपांना खोबरेल तेल घातलं, कडीकोयंडे, गेट, आणि गाडीची चावी थोडी अडते म्हणाले म्हणून तिथेही घातलं. तेव्हा एकदम लोण्यासारखी फिरायला लागली होती म्हणे.

सातपूर_सेकंडशिफ्ट
सापडलं! खोबरेल २४-२५ डिग्रीच्या खाली घट्ट होतं भाऊ. बाथरूममधली बाटली बघ सकाळी, पांढरी दगड झालेली असेल. तेच तुझ्या लॉकमध्ये झालंय. लॉकच्या आत बारीक पितळी पत्त्या असतात, प्रत्येकीच्या मागे केसाएवढी स्प्रिंग, चावीच्या दातांप्रमाणे त्या पत्त्या वरखाली झाल्या तरच बॅरल, म्हणजे लॉकचा आतला फिरणारा दंडगोल, फिरतं. तेल घट्ट झालं की त्या पत्त्या जिथल्या तिथे चिकटतात आणि त्या नाजूक स्प्रिंगमध्ये त्यांना ढकलायची ताकद नसते. खटपट करता करता हाताची आणि चावीची ऊब लागते, तेल सुटतं, म्हणून पंधरा मिनिटांनी फिरते. दुपारी उन्हात गाडी तापलेली असते म्हणून काहीच वाटत नाही.
बाबांना काही बोलू नकोस, आपल्याकडे घरोघरी कुलपाला खोबरेलच घालतात. फक्त दिवाळीत ऊब असते आणि थंडी नंतर येते.

आता काय करायचं ते सांगतो. दुपारी गाडी उन्हात तापू दे, किंवा घरचा हेअर ड्रायर लांबून दोन-तीन मिनिटं मार म्हणजे तेल पातळ होईल. मग ड्रायर बाजूला ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. इलेक्ट्रिकल दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, त्याची बारीक नळी लॉकच्या तोंडात घालून थोडंसंच मार, भसाभस नको कारण मागे इग्निशन स्विच आहे. चावी आत-बाहेर कर, दर वेळी फडक्याला पूस. पहिल्यांदा काळा-तपकिरी चिकटा येईल, तो यायचा थांबेपर्यंत करत राहा. मग दार उघडं ठेवून चांगलं वाळू दे, तो स्प्रे पेट घेणारा असतो, वाळायच्या आत वायर जोडायची नाही आणि चावी मारायची नाही. शेवटी ग्रॅफाइटची कोरडी पावडर चिमूटभर, चावीला लावून आत-बाहेर. हार्डवेअरवाल्याकडे नसेल तर चावीवाल्याकडे असतेच. इंजिन ऑईल, शिलाई मशीनचं तेल, ग्रीस, काहीच नाही. ओल्या तेलावर धूळ बसते आणि आपल्या रस्त्यांची धूळ तुला माहीतच आहे.

गंगापूररोड_९०
मी दोन शब्द टाकतो. साफ करूनही अडली तर दुसरी, कपाटातली कोरी चावी लावून बघा. ती सहज फिरली तर लॉक चांगलं आहे, रोजची चावी झिजलीय. अशा वेळी झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट कापून घेऊ नका, झीज पण कॉपी होते. कोऱ्या चावीवरून नाहीतर चावीच्या नंबरवरून करून घ्या. आणि चावीच्या जुडग्यात घराच्या, दुकानाच्या, तिजोरीच्या अशा पाच-सहा चाव्या लटकवू नका, सगळं वजन लॉकवर हेलकावे खातं.

निफाडचा_द्राक्षवाला
राम राम. धागा चांगला निघालाय म्हणून माझंही विचारून घेतो. आमच्याकडे निफाडला कडाक्यात पारा पाचच्या खाली जातो, नाशिकची थंडी त्यापुढे काहीच नाही. पहाटे चार वाजता बागेत शेकोट्या पेटवतो, ड्रिपने पाणी सोडतो म्हणजे मणी तडकत नाहीत. डिझेल पिकअप आहे, मजूर आणायला पहाटेच लागते. तर चावी फिरते, सेल्फ जोरात मारते, पण इंजिन घेत नाही, मागून पांढरा धूर येतो, तीन-चार वेळा मारल्यावर एकदम थडथडत चालू होते. कालपासून तर चालू होऊन अर्ध्या किलोमीटरवर परत बंद पडते. गावातला फिटर म्हणतो टाकीखाली टेंभा धरा, आमचे शेजारी करतात तसं. मला ते पटत नाही.

मायकोवाले_काका
निफाडकर, टेंभा धरू नका हो, हात जोडतो. प्लॅस्टिकच्या टाक्या, रबरी पाईप, एखादा जॉईंट पाझरत असेल तर गाडी आणि माणूस दोन्ही जातील. सातपूरला डिझेलच्या नोझल आणि इंजेक्टरच्या कामात माझी नोकरी गेली, आता रिटायर आहे, तेव्हा या विषयावर थोडं सविस्तर लिहितो.

तुमचे दोन वेगळे आजार दिसतात. पांढरा धूर म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये जातंय पण जळत नाहीये. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून दाबून इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेटतं. पहाटे इंजिनचं लोखंडच गार असतं, ते त्या हवेची उष्णता खाऊन टाकतं. म्हणून हीटर प्लग दिलेले असतात. चावी ऑन केल्यावर मीटरमध्ये वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो ना, तो विझेपर्यंत थांबायचं, मग सेल्फ. मजूर, ड्रायव्हर, घाईतली पोरं, कोणीच थांबत नाही. फार गार असेल तर चावी बंद करून परत ऑन करा, दोनदा हीट द्या. त्यानेही धूर राहिला तर प्लग तपासा. वायर काढून मल्टिमीटर ओहमवर लावला की चांगला प्लग साधारण एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. चारपैकी दोन गेले असतील तर उन्हाळाभर कळतसुद्धा नाही.

अजून एक, एअर फिल्टरमधून तो ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारणारे आहेत. हीटर प्लगवाल्या इंजिनाला तो कधीच नाही. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच भडकतो, पिस्टन फुटलेले मी डोळ्यांनी पाहिलेत.

आता दुसरा आजार, चालू होऊन अर्ध्या किलोमीटरवर बंद. हे इंधन पोचत नसल्याचं लक्षण. डिझेल पंपावरून भरता की ड्रममधून?

निफाडचा_द्राक्षवाला
काका, ड्रममधून. फवारणीच्या ट्रॅक्टरसाठी सप्टेंबरात एक ड्रम भरून ठेवला होता, गेल्या आठवड्यापासून पिकअपलाही त्यातलंच टाकतोय.

मायकोवाले_काका
मला तीच शंका होती. डिझेलमध्ये मेण असतं. गार झालं की त्याचे बारीक कण होतात, डिझेल गढूळ दिसतं आणि ते कण फिल्टरच्या कागदावर जाऊन बसतात. सुरुवातीला फिल्टरमध्ये जेवढं डिझेल असतं तेवढ्यावर गाडी चालते, मग फिल्टर चोक आणि इंजिन बंद.
आपल्याकडे डिझेलचं भारतीय मानक आहे, आयएस १४६०. त्यात कोणत्या तापमानाला फिल्टर चोक होतो त्याची मर्यादा दिलीय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिवाळी डिझेल, त्याला कमाल ६ डिग्री. बाकीच्या महिन्यांत कमाल १८ डिग्री. याचा अर्थ सप्टेंबरात भरलेलं डिझेल १८ ला फिल्टर अडवणारं असलं तरी कायद्याने ते बरोबरच आहे, कारण सप्टेंबरात तेवढी थंडी कुठे असते. तेच डिझेल तुम्ही निफाडच्या पाच डिग्रीत वापरताय. पंपवाल्याचा यात काही दोष नाही.

उद्या पहाटे ड्रममधलं थोडं डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन टॉर्च मारून बघा. धुक्यासारखं गढूळ दिसलं आणि दुपारी उन्हात ठेवल्यावर नितळ झालं तर मेण. दुपारीही गढूळ राहिलं किंवा तळाला वेगळा थर दिसला तर पाणी. पाण्यासाठी फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून डबा लावून ड्रेन करा, डिझेल स्वच्छ यायला लागलं की बंद. मग हॅन्ड पंपाने एअर काढा. तो ड्रम उन्हाळ्यात ट्रॅक्टरला वापरा, वाया जात नाही. पिकअपची टाकी पंपावरच्या ताज्या डिझेलने भरा आणि रात्री रिकामी ठेवू नका, रिकाम्या टाकीत दव धरतं.

आणि रॉकेल मिसळू नका. जुन्या इंजिनांना लोक मिसळायचे. आताच्या कॉमन रेल इंजिनांत (सगळ्या इंजेक्टरना एकाच पाईपातून जास्त दाबाने डिझेल देणाऱ्या) हाय प्रेशर पंपाला डिझेल हेच वंगण असतं, रॉकेलमध्ये ते नाही. पंप घासला की त्याचा लोखंडी चुरा इंजेक्टरपर्यंत जातो आणि खर्च लाखाकडे जातो.

सिन्नरफाटा_टेम्पो
काका, मग लडाखला लष्कराच्या गाड्या कशा चालतात?

मायकोवाले_काका
तिथलं डिझेल वेगळं. इंडियन ऑईलने २०१९ च्या नोव्हेंबरात लडाखसाठी खास हिवाळी डिझेल काढलं, पानिपत रिफायनरीतून जातं, उणे ३३ पर्यंत पातळ राहतं. आपल्याला त्याची गरज नाही, आपल्याला पंपावरचं हिवाळी डिझेल पुरतं.

पाथर्डीफाट्याची_ताई
माझं सांगते. ऑटोमॅटिक पेट्रोल आहे, बटन स्टार्ट. मुलांना शाळेत सोडायचं आणि परत, तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या. रविवारी गाडी हलत नाही. सोमवारी सकाळी बटन दाबलं की नुसतं टक टक टक टक, मीटरचे दिवे मंद होतात. सोसायटीतले एक काका म्हणाले ढकलून चालू करू. करता येते का? बॅटरी चार वर्षांची आहे. मे महिन्यात एवढा उन्हाळा होता तेव्हा काही झालं नाही, आता थंडीत अचानक कशी गेली?

सातपूर_सेकंडशिफ्ट
ताई, ऑटोमॅटिक ढकलून चालू होत नाही, कोणाला ढकलू देऊ नका. मॅन्युअल असती तर झाली असती, तरी बॅटरी अगदीच शून्य असेल तर आताच्या गाड्यांचा फ्युएल पंप आणि ईसीएमच (इंजिनचा कॉम्प्युटर) चालत नाही, कितीही पळवा.

तुमची बॅटरी अचानक गेलेली नाही. बॅटरीला आतून खराब करतो तो उन्हाळा, बॉनेटखालच्या उष्णतेत पाणी उडतं, प्लेटा झिजतात. पण उन्हाळ्यात इंजिन ऑईल पातळ असतं आणि गरम बॅटरी उसनं बळ दाखवते, म्हणून निभतं. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंद होते, शून्य डिग्रीला चांगल्या बॅटरीचीही ताकद अंदाजे एक तृतीयांशाने कमी पडते, आणि त्याच वेळी ऑईल जाड झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. त्यात तीन किलोमीटरमध्ये सेल्फने खाल्लेलं चार्जिंग परत भरत नाही. डॅशकॅम लावलाय का? तो गाडी बंद असतानाही वायर टाकून चालू ठेवला असेल तर रविवारभर तोच पितो.

मल्टिमीटर तीनशे-चारशेत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ दाखवली पाहिजे. १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. बटन दाबताना साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरीचा शेवट आला किंवा टर्मिनल सैल आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५, त्यापेक्षा कमी असेल तर अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा) बघा, नाहीतर नवी बॅटरीसुद्धा महिन्यात बसेल. मीटर लावायच्या आधी टर्मिनल बघा, पांढरी-निळी पावडर धरली असेल तर खाण्याच्या सोड्याचं गरम पाणी टाकून ब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

बाकी आवाजावरून बरंच कळतं. टकटकटक म्हणजे बॅटरी किंवा टर्मिनल. एकच जोराचा टक्क आणि शांतता, दिवे मात्र झगझगीत, तर सेल्फ मोटर. घुर्र घुर्र नीट फिरतंय पण घेत नाही, तर इंधन, स्पार्क, किंवा मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर. बटन दाबून काहीच होत नाही आणि ‘की नॉट डिटेक्टेड’ येतं, तर रिमोटचा सेल, तोच रिमोट बटनाला चिकटवून ब्रेक दाबून सुरू करा. बहुतेक रिमोटना सीआर २०३२ लागतो, काहींना दुसरा, जुना काढून नंबर बघूनच घ्या. आणि सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदच, मग अर्धा मिनिट दम खाऊ द्या.

पाथर्डीफाट्याची_ताई
डॅशकॅम आहे! ह्यांनी पार्किंग मोड लावून घेतलाय. आणि जंप वायर आहे पण कुठली कुठे लावायची भीती वाटते.

गंगापूररोड_९०
ताई घाबरू नका, क्रम लक्षात ठेवा. दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकता उभ्या, दोन्ही बंद. लाल वायर आधी तुमच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला. काळी आधी दुसऱ्या गाडीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक तुमच्या बॅटरीला लावायचं नाही, इंजिनच्या उघड्या लोखंडी बोल्टला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून. दुसरी गाडी चालू करून चार-पाच मिनिटं थांबा, मग तुमची. काढताना बरोब्बर उलटा क्रम. मग गाडी लगेच बंद न करता त्र्यंबकपर्यंत एक चक्कर मारून या.

एडमंटनवासी_नाशिककर
यात इथली एक गोष्ट जोडतो, हिमाचल-लडाखला गाडी नेणाऱ्यांच्या कामाची. पूर्ण चार्ज बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली उणे ७-८ लाच गोठू शकते. पोट फुगलेलं दिसलं तर जंप लावू नका, फुटते. आणि रात्री हॅन्डब्रेक ओढू नका, ओला असेल तर तिथेच गोठतो, सपाट जागा बघून गियरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. इथे आमच्या प्रत्येक गाडीच्या जाळीतून पुढे एक प्लगची वायर लोंबत असते, रात्री पार्किंगमधल्या सॉकेटला लावायची म्हणजे इंजिनचं पाणी गरम राहतं. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा सगळ्या गाड्या चार्जिंगला का लावल्यात म्हणून विचारत होती.

मखमलाबादकर
सातपूरवाले दादा, केलं काल. फडकं अक्षरशः काळं झालं, त्यात धुळीचे कण चरचर लागत होते. आज पहाटे चावी एका झटक्यात फिरली. लॉक सेटचे पैसे वाचले, मनापासून आभार.

निफाडचा_द्राक्षवाला
बाटलीत पहाटे ताकासारखं दिसलं, उन्हात नितळ झालं. फिल्टर नवीन टाकला, पंपावरून टाकी भरली. हीटर प्लगही एक गेलेला निघाला, तो शनिवारी बसवतोय. काका, बागेवर आलात की द्राक्षं घेतल्याशिवाय जायचं नाही.

इंदिरानगर_सीएनजी
माझी फॅक्टरी फिटेड सीएनजी. थंडीत सुरू व्हायला त्रास देते आणि मग झटके. आमच्याकडे शटरचं गॅरेज आहे, म्हणून मी सकाळी शटर खाली ठेवूनच दहा मिनिटं चालू ठेवतो म्हणजे इंजिन लवकर तापतं. बरोबर आहे का?

सातपूर_सेकंडशिफ्ट
नाही! शटर आधी पूर्ण वर करा, मगच चावी लावा. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, गुंगी येते आणि माणूस उठतच नाही. गॅरेजवर बेडरूम असेल तर वरच्यांनाही धोका. सीएनजी स्वच्छ जळतो म्हणून चालतं असं बिलकुल नाही, सुरुवातीला तर गाडी पेट्रोलवरच असते. दहा मिनिटं उभी ठेवायची गरजही नाही, अर्धा-एक मिनिट चालू ठेवा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर रेस न करता हळू न्या, चालतानाच लवकर तापते.

झटक्यांचं कारण बहुतेक पेट्रोल. बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिनचं पाणी तापल्यावर गॅसवर जातात, कारण सिलिंडरमधला २०० बारचा गॅस एकदम मोकळा झाला की गार पडतो, गॅसचा दाब कमी करणाऱ्या रेड्युसरला त्या गरम पाण्याची ऊब लागते. थंडीत पाणी तापायला वेळ लागतो म्हणजे पेट्रोलवर जास्त वेळ चालते, आणि लोक पेट्रोल रिझर्व्हला ठेवतात, तेच जुनं पेट्रोल महिनोन्‌महिने. पाव टाकी तरी ताजं पेट्रोल ठेवा, आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा. तरी झटके राहिले तर स्पार्क प्लग बघा, सीएनजीला प्लगची गॅप वाढलेली चालत नाही. पण ते नंतर, शटरचं आजपासूनच.

इंदिरानगर_सीएनजी
वर आई-बाबांचीच खोली आहे. आत्ताच घरी फोन करून सांगितलं.